सगळे माझ्याकडेच बघतायत?

आज जेवताना ताटात पापड आला तर एक गंमत करून बघ. मोठा तुकडा तोंडात टाक, ओठ घट्ट मिट आणि चाव. कुर्रर्रम! बाप रे, केवढा आवाज!

आता शेजारी जेवणाऱ्याला विचार, "माझ्या पापडाचा आवाज केवढा आला?" उत्तर येईल, "कुठला आवाज?"

असं कसं? अगं, अरे, तुझे दात आणि तुझे कान एकाच डोक्यात आहेत ना! पापड मोडल्याचा आवाज दातांतून, हाडांतून थेट तुझ्या कानात शिरतो. शेजाऱ्याच्या कानापर्यंत मात्र त्याला हवेतून जावं लागतं, तेही मिटलेल्या ओठांच्या पलीकडून. आणि खरी मजा पुढेच आहे. शेजारीही पापड खातोय! त्याच्या डोक्यात त्याच्या स्वतःच्या पापडाचं कुर्रर्रम चाललंय. तुझं ऐकायला त्याला सवड कुठे?

हा पापड लक्षात ठेव हं. आज मी तुला मनातल्या कुर्रर्रमची गोष्ट सांगणार आहे!

बघ, सकाळचा परिपाठ सुरू आहे. आज सुविचार सांगायची पाळी तुझी. बाईंनी नाव घेतलं. झालं! हातपाय गार. तोंडाला कोरड. छातीत धडधड. पोटात हा एवढा मोठा गोळा. आणि डोक्यात एकच गोष्ट: सगळे माझ्याकडे बघतायत! चुकलं तर? हसले तर?

किंवा समजा, काल केस कापले आणि ते जरा जास्तच बारीक झाले. किंवा डबा खाताना शर्टावर रश्शाचा पिवळाधमक डाग पडला. मग दिवसभर वाटत राहतं, शाळेतली झाडून सगळी माणसं तो डागच बघतायत. हो ना?

लोक आपल्याला नावं ठेवतील, ही ती भीती. आणि शास्त्रज्ञ या भीतीचासुद्धा अभ्यास करतात! त्यांनी तर ती मोजायची पट्टीच बनवली आहे. 1969 साली डेव्हिड वॉटसन आणि रोनाल्ड फ्रेंड या दोघांनी 30 वाक्यं लिहून काढली. लोकांना काय वाटेल याची मला काळजी वाटते, अशा धाटणीची. प्रत्येक वाक्यापुढे 'बरोबर' किंवा 'चूक' एवढंच लिहायचं. शेवटी गुण मोजायचे. या परीक्षेत जास्त गुण म्हणजे जास्त भीती!

पण मला सगळ्यात आवडतो तो प्रयोग वेगळाच आहे. त्यात ना कुठलं यंत्र आहे, ना काचेच्या नळ्या. त्यात आहे एक टी-शर्ट!

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात इथाका नावाचं गाव आहे. तिथे कॉर्नेल विद्यापीठ आहे. तिथल्या थॉमस गिलोविच यांना आणि त्यांच्या सोबत्यांना एक प्रश्न पडला. सगळे आपल्याकडे बघतायत असं आपल्याला वाटतं खरं, पण खरोखर कितीजण बघतात? कुणी मोजलंय का? नाही? मग चला, मोजू या!

त्यांनी कॉलेजातल्या मुलामुलींना बोलावलं. एकेकाला वेगळं बाजूला घेतलं आणि म्हणाले, "हा टी-शर्ट घाल."

टी-शर्टावर काय होतं, ओळख पाहू! वाघ? क्रिकेटपटू? छे! एका गायकाचा भलामोठा चेहरा होता. बॅरी मॅनिलो त्याचं नाव. हा गायक खूप प्रसिद्ध होता, पण या मुलांच्या आईबाबांच्या काळात! कॉलेजच्या पोरांना त्याचा फोटो छातीवर मिरवणं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. मुद्दाम निवडलेला, अगदी लाजवेल असाच टी-शर्ट होता तो.

तर टी-शर्ट घालून झाला. आता पुढे काय? "त्या समोरच्या खोलीत जा." दार उघडलं. आत काही मुलं दाराकडे तोंड करून बसलेली! सगळी कागदांवर काहीतरी लिहितायत. आपला टी-शर्टवाला आत शिरतो, खुर्चीवर टेकणार, एवढ्यात त्याला सांगतात, "अरे, या सगळ्यांचं लिहिणं बरंच पुढे गेलंय. तू जरा बाहेरच थांब."

बिचारा! सगळ्यांसमोर आत गेला आणि सगळ्यांसमोर बाहेर आला. पण हे सगळं आधीच ठरलेलं होतं, बरं का!

बाहेर आल्यावर त्याला विचारलं, "सांग बरं, आतल्या किती जणांना तुझ्या टी-शर्टावर कोण आहे ते सांगता येईल?" टी-शर्टवाल्यांचे अंदाज गोळा केले, तर ते सरासरीने निघाले शंभरात 46. म्हणजे जवळजवळ निम्म्या खोलीने आपलं हसं पाहिलं, असं त्यांना वाटत होतं.

मग आतल्या मुलांना विचारलं, "मघाशी जो आत आला, त्याच्या टी-शर्टावर कोण होतं?" किती जणांनी बरोबर सांगितलं असेल? थांब, लगेच पुढचं वाचू नकोस. आधी मनात एक आकडा धर!

धरलास? खरा आकडा होता शंभरात 23!

बरोब्बर निम्मा! शंभरातल्या 77 जणांना त्या टी-शर्टावर कोण होतं ते सांगताच आलं नाही. दाराकडे तोंड करून बसले होते, तरीही! एवढा मोठा चेहरा, एवढी मोठी लाज, आणि बहुतेकांच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

मला या आकड्याचं फार कौतुक वाटतं. विचार कर, त्या मुलाला आत शिरताना पोटात केवढा गोळा आला असेल. आणि समोरच्याच्या डोक्यात काय होतं? आपला कागद. आपलं पेन. कदाचित दुपारी काय खायचं तेही!

तुला वाटेल, लाजवणाऱ्या टी-शर्टाचंच असं होत असेल. शास्त्रज्ञांनाही तीच शंका आली! म्हणून त्यांनी पुन्हा प्रयोग केला. या वेळी टी-शर्ट झकास होते. गायक बॉब मार्ली, विनोदवीर जेरी साइनफेल्ड आणि थोर नेते मार्टिन ल्यूथर किंग, यांच्यातला आपल्याला आवडेल तो चेहरा निवडायचा. अभिमानाने घालून फिरावं असे कपडे! घालणाऱ्यांना वाटलं, शंभरातले 48 जण तरी हा चेहरा ओळखतील.

खरे किती निघाले? आठ! शंभरात फक्त 8!

म्हणजे बघ हं, आपली फजिती लोकांना दिसते त्यापेक्षा आपल्याला मोठी वाटते. आणि आपला रुबाबसुद्धा! वाढदिवसाला रंगीत कपडे घालून शाळेत गेल्यावर दोन-तीन जणांनी विचारलंच नाही, म्हणून कधी रुसवा आला होता का? त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या तोंडात त्यांचा पापड होता!

हे सगळं 2000 साली छापून आलं. शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं 'स्पॉटलाइट इफेक्ट'. स्पॉटलाइट म्हणजे स्नेहसंमेलनात नाचणाऱ्यावर पडतो ना, तो दिव्याचा गोल झोत. आपल्याला सारखं वाटतं, तो झोत आपल्यावरच आहे.

पण असं का वाटतं? अगदी पापडासारखंच आहे ते. तुझा डाग तुझ्या इतका जवळ आहे! तो कधी पडला, कसा पडला, धुताना कसा आणखी पसरला, सगळं तुला ठाऊक आहे. दुसऱ्याला तो केवढा दिसत असेल याचा अंदाज बांधायला तू बसतेस किंवा बसतोस, तेव्हा सुरुवात आपल्या स्वतःच्या डोक्यातल्या मोठ्ठ्या आवाजापासून होते. मग आपण तो थोडा कमी करतो. दुसऱ्याला इतकं नसेल वाटत, थोडं कमी वाटत असेल, असं म्हणतो. पण पुरेसा कमी करत नाही! अंदाज तिथेच चुकतो.

याचा पुरावाही मिळाला. काही जणांना टी-शर्ट घातल्या घातल्या आत पाठवलं. काही जणांना मात्र तो घालून 15 मिनिटं नुसतं थांबायला लावलं आणि मग पाठवलं. टी-शर्ट तोच. खोलीही तशीच. पण थांबलेल्यांचा अंदाज खाली आला! कितीजण ओळखतील याचा त्यांनी सांगितलेला आकडा लहान होता. का बरं? त्यांना स्वतःलाच तोपर्यंत टी-शर्टाची सवय झाली होती. बाहेरचं काही बदललं नव्हतं, आतला आवाज तेवढा बसला होता.

"ठीक आहे," तू म्हणशील, "कपडे नाही दिसले. पण माझी धडधड? ती तर सगळ्यांना कळतेच ना?"

वा! प्रश्न असावा तर असा! त्यासाठी गिलोविच आणि मंडळींनी आधीच, 1998 साली, एक भन्नाट खेळ केला होता. एकासमोर पाच पेले ठेवले. सगळ्यांत लालचुटुक पेय. चार पेल्यांत ते गोड होतं. आणि पाचव्यात? द्राक्षाची पानं खारवून ठेवतात ना, त्यातलं आंबट-खारट पाणी, लाल रंग घालून! शी! शी! शी!

एकेक पेला प्यायचा. पण चेहरा अगदी सरळ ठेवायचा. कडू काढा पिऊनही आजीला हसून दाखवायचं, तसं. हे सगळं कॅमेऱ्यात टिपायचं, मग दहाजण ते बघणार आणि घाण पेला कुठला ते ओळखणार.

पिणाऱ्याला वाटे, गेलं! माझं नाक आक्रसलं, डोळे मिचकले, कळलंच यांना! बघणाऱ्या दहातले साडेतीन-चार जण तरी ओळखतील, असा पिणाऱ्यांचा सरासरी अंदाज होता. पण बरोबर ओळखलं फक्त दोघांनी. आता थोडं गणित कर. पेले पाच. डोळे मिटून नुसतं ठोकून दिलं, तरी दहातल्या दोघांचं उत्तर आपोआप बरोबर येणारच. म्हणजे बघणाऱ्यांना काहीसुद्धा कळलं नव्हतं! ते सगळे आपले अंदाज ठोकत होते.

कळलं ना? धडधड तुझ्या छातीत आहे, तुझ्या कपाळावर लिहिलेली नाही.

आता मात्र कान टवकार, कारण पुढचा प्रयोग थेट तुझ्या परिपाठाच्या कामाचा आहे. 2003 साली गिलोविच आणि त्यांचे सोबती साविट्स्की यांनी कॉलेजच्या मुलांना कॅमेऱ्यापुढे तीन मिनिटांचं भाषण करायला सांगितलं. तयारीला वेळ थोडाच. मुलांचे तीन गट केले. पहिल्या गटाला काही विशेष सांगितलं नाही. दुसऱ्या गटाला धीर दिला: घाबरणं साहजिक आहे, फार काळजी करू नका. आपण एकमेकांना हेच सांगतो ना? आणि तिसऱ्या गटाला काय सांगितलं? आत्ता तुला सांगितलं तेच! तुम्हाला वाटतं तुमची भीती लोकांना दिसते, पण तसं नसतं. अभ्यास करून कळलंय, ती फारशी दिसत नाही.

भाषण कुणाचं चांगलं झालं असेल?

तिसऱ्या गटाचं! ते स्वतःही जास्त खूश होते. आणि ऐकणाऱ्यांनीही त्यांनाच जास्त गुण दिले. कोणत्या गटाला काय सांगितलं होतं, याचा ऐकणाऱ्यांना पत्ताही नव्हता. नुसता धीर दिलेल्या गटापेक्षा खरी माहिती दिलेला गट पुढे गेला! काळजी करू नको, असं कुणी कितीही म्हटलं तरी काळजी जात नाही, हे तुलाही ठाऊक असेल. पण आपली धडधड बाहेर ऐकू जात नाही, हे एकदा कळलं की मन आपोआप भाषणाकडे वळतं. ज्ञानानेच काम केलं. मला तर हा प्रयोग वाचून उडी मारावीशी वाटली होती!

पण मग ही भीती आपल्याला दिलीच कशाला? सगळ्या प्राण्यांना असते का ती?

जर्मनीत लाइपझिग शहरात माणसाचा आणि वानरांचा अभ्यास करणारी एक मोठी संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी 2012 साली पाच वर्षांची मुलं घेतली आणि चिंपांझीही घेतले. दोघांना सारखाच मोह घातला: दुसऱ्याची वस्तू हळूच पळवता येईल, अशी सोय केली. कधी कुणी बघत नसे, कधी आपल्याच जातीतलं कुणीतरी बघत असे. मुलांसाठी मूल, चिंपांझीसाठी चिंपांझी.

कुणी बघत असलं की मुलं कमी चोरी करायची! आणि चिंपांझी? त्यांना ढिम्म फरक पडत नव्हता. कुणी बघो, न बघो, त्यांचं वागणं तसंच!

म्हणजे "लोक काय म्हणतील" हा प्रश्न पाच वर्षांच्या माणसाच्या पिल्लाला पडतो आणि चिंपांझीला पडत नाही. माणूस फार पूर्वीपासून टोळीने राहत आला. सगळ्यांनी मिळून अन्न आणायचं, सगळ्यांनी मिळून पोरं सांभाळायची. टोळीने बाहेर काढलं तर एकट्याचं जगणं कठीण. मग आपण बाकीच्यांना आवडतोय ना, याची खबर ठेवणारं मन हवंच. तुझ्या पोटातला गोळा म्हणजे हजारो वर्षांपासून माणसांना सांभाळत आलेला एक पहारेकरी आहे. फक्त तो जरा जास्तच लवकर ओरडतो!

तो ओरडतो तेव्हा शरीरात काय होतं, हेही मोजलंय. जर्मनीतच ट्रियर नावाचं फार जुनं गाव आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी 1993 साली लोकांना घाबरवायची एक रीतच तयार केली. आधी अनोळखी परीक्षकांपुढे भाषण. परीक्षक कसे? हसणार नाहीत, मान डोलावणार नाहीत, नुसते बघत बसणार! मग लगेच तोंडी गणित. 1022 मधून 13 वजा कर. आलेल्या उत्तरातून परत 13. परत 13. चुकलं की पुन्हा 1022 पासून! कर बरं, बघू कुठपर्यंत पोचतेस, पोचतोस. 1009, 996... पुढे?

मग त्या घाबरलेल्या लोकांची थुंकी तपासली. हो, थुंकी! आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. ताण आला की त्या कॉर्टिसॉल नावाचं रसायन रक्तात सोडतात, आणि ते थुंकीतही उतरतं. परीक्षकांना तोंड दिल्यावर ते आधीच्या दुप्पट ते चौपट झालं होतं! ना वाघ मागे लागला, ना कुणी मारलं. नुसते डोळे रोखलेले, तरी एवढी उलथापालथ! पुढे याच प्रयोगाची मुलांसाठीही आवृत्ती निघाली. त्यात भाषण नसतं. एका गोष्टीची सुरुवात ऐकवतात आणि पुढची गोष्ट, होईल तितकी रंगवून, परीक्षकांना सांगायची. मला वाटतं, हे तर आणखीच अवघड!

म्हणून कुणी तुला म्हणालं ना, "त्यात काय घाबरायचं?" तर लक्षात ठेव, ते घाबरणं खोटं नाही, नाटक नाही. ते थुंकीतसुद्धा सापडतं.

आता एक शोध सांगते, जो मला तुला सांगितल्याशिवाय राहवतच नाही. कारण तो तुझ्याच वयाच्या मुलांवर झालाय!

अमेरिकेत चार ते अकरा वर्षांच्या मुलांच्या जोड्या लावल्या. दोघांची आधी ओळख नाही. दोघांनी मिळून एक मनोरा रचायचा. रचून झाला की एकेकाला वेगळं घेऊन विचारायचं. तुला तो दुसरा मुलगा, ती दुसरी मुलगी किती आवडली? आणि त्यांना तू किती आवडली किंवा आवडला असशील असं वाटतं?

चार वर्षांच्या चिमुरड्यांचं उत्तर सरळ होतं. मला तो आवडला, त्यालाही मी आवडलो! दोन्ही आकडे सारखे.

पण पाच वर्षांपासून गंमत सुरू झाली. मुलं म्हणू लागली, मला ती खूप आवडली, पण तिला मी तेवढी आवडले नसेन. आणि तिकडे दुसऱ्या खोलीत ती काय म्हणत होती? हेच! अगदी हेच! मला ती आवडली, पण तिला मी...

दोघींना दोघी आवडल्या होत्या. आणि दोघींना वाटत होतं, आपणच कमी आवडलो! वय वाढत गेलं तसा हा फरकही वाढत गेला. अकरा वर्षांपर्यंत वाढतच होता. मोठ्या माणसांवर झालेल्या 2018 सालच्या अभ्यासातही हेच दिसलं. नवी ओळख झाली, दोन घटका गप्पा झाल्या, की दोघेही आपापल्या घरी जाऊन आपण आवडलो नसणार असं समजतात.

काय वाटलं हे वाचून? माझा तर जीव गलबलला. वर्गात नवीन आलेलं मूल मधल्या सुट्टीत एका कोपऱ्यात डबा खात असतं. तुला वाटतं, त्याला आपण आवडत नाही. त्याला वाटतं, आपण कुणालाच आवडत नाही. आणि दोघांच्या डब्यात बटाट्याची भाजी!

बरं, समजा खरंच सगळ्यांसमोर फजिती झाली. खुर्चीवरून पडलं कुणी. कान गरम झाले, गाल तापले. लाजेने चेहऱ्याच्या कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या रुंद होतात, त्यांत जास्त रक्त येतं, म्हणून ही ऊब. गोऱ्या माणसाचे गाल लाल दिसतात, सावळ्या माणसाचे तितके दिसत नाहीत, पण ऊब सगळ्यांना सारखीच! चार्ल्स डार्विन या थोर शास्त्रज्ञाने 1872 सालच्या आपल्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण या लाजण्यावर लिहिलं. माणसाच्या भावनांच्या खुणांमध्ये ही सगळ्यात खास माणसाची खूण, असं त्याचं मत होतं.

आणि आता ऐक, लाजणं उपयोगी असतं! नेदरलँड्समधल्या मानसशास्त्रज्ञांनी पाहिलं की चूक झाल्यावर जो लाजतो, त्याच्याबद्दल लोकांचं मत जास्त चांगलं होतं. निर्विकार चेहऱ्याने उभ्या राहणाऱ्यापेक्षा जास्त चांगलं! गाल जणू तोंडाआधीच "चुकलं हं" असं सांगून मोकळे होतात.

पण एक गोष्ट मला अगदी मनापासून सांगायची आहे. काही मुलांची भीती अशी थोडीशी नसते. शाळेत जायच्या विचारानेच रोज सकाळी पोट दुखतं. उत्तर येत असूनही वर्षभर हात वर होत नाही. सगळ्यांसमोर डबासुद्धा खावासा वाटत नाही. असं महिनोन्‌महिने चाललं तर त्याला 'सोशल अँक्झायटी' म्हणतात. त्यात मुलाची काही चूक नसते, आणि त्याला लाजाळूपणा म्हणून सोडून देणंही बरोबर नाही, कारण त्यावर उपाय आहेत आणि ते लागू पडतात. अशा वेळी आईबाबा, आजी, आवडत्या बाई, जे कुणी जवळचं वाटेल त्यांना सांगायचं. ते समुपदेशकांकडे, डॉक्टरांकडे नेतील. 14416 हा आपल्या सरकारचा टेली-मानस नावाचा फोन नंबर आहे. तिथे मनाच्या त्रासाबद्दल फुकट बोलता येतं.

आणि हे उपाय किती छान असतात म्हणून सांगू! इंग्लंडमध्ये डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी 1995 साली एक गोष्ट मांडली. घाबरलेल्या माणसाचं सगळं लक्ष आत वळतं: माझा आवाज कापतोय का, माझे हात कसे दिसतायत. बाहेर बघायचं राहूनच जातं! म्हणून उपचारात माणूस एक छोटा प्रयोग करतो. एकदा मान खाली घालून, हात लपवून, वाक्य मनात दहादा घोकून बोलायचं. दुसऱ्यांदा हे सगळं सोडून समोरच्याकडे बघत बोलायचं. मग स्वतःचा व्हिडिओ पाहायचा. बहुतेकदा दुसऱ्यांदा बोलणं सोपं जातं. आणि व्हिडिओत? मनातल्या त्या भयंकर चित्रातला माणूस तिथे दिसतच नाही! दिसतो तो एक साधासुधा, बोलणारा माणूस.

आता तुझी पाळी. हो, तुझीच! टी-शर्टाचा प्रयोग तुलाही करता येईल. शाळेत टी-शर्ट चालणार नाही, पण मोजे आहेत ना! घरच्यांना विचारून एक दिवस दोन पायांत दोन वेगळ्या रंगांचे मोजे घाल. शाळेला जाण्याआधी कागदावर लिही: माझ्या वर्गातल्या अमुक इतक्या मुलांच्या हे लक्षात येईल. कागदाची घडी करून दप्तरात ठेव. दिवसभर मोज्यांबद्दल अवाक्षर काढायचं नाही!

शाळा सुटताना दहा जणांना विचार, "आज माझ्या मोज्यांचा रंग कुठला होता?" त्यांनी खाली बघायच्या आत विचारायचं, नाहीतर प्रयोग फसेल. बरोबर सांगणारे किती ते कागदावर दुसऱ्या ओळीत लिही. एका जोडीदाराला घेऊन केलंस तर आणखी मजा. तुझा अंदाज, त्याचा अंदाज आणि खरे आकडे, सगळं शेजारी शेजारी मांडता येईल.

आणि एक काम विसरू नकोस! त्या दिवशी तुझ्या जोडीदाराने, बाकावर शेजारी बसणाऱ्याने, बाईंनी काय घातलं होतं, तेही आठवून लिहायचा प्रयत्न कर. तुला कितींचं आठवतंय, तो आकडा तिसऱ्या ओळीत!